शाबासकीचं शेपूट

शकीलाताई बागवान यांनी आजवर कुणाचं स्वच्छ, बिनमिरचीचं कौतुक केल्याचा पुरावा नाही. सुनेने बिर्याणी केली, तर "छान झालीय, पण मीठ काय सुट्टीवर गेलंय?" समोरच्या फ्लॅटमधल्या पोराला नव्वद टक्के मिळाले, तर "वा वा! पण उरलेले दहा कुठे सांडले?" त्यांचे यजमान नासिरभाई मार्केट यार्डात फळांचा गाळा चालवतात आणि मुळात मितभाषी आहेत, पण या एका बाबतीत त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "शकीला, तुझ्या शाबासकीला शेपूट असतं. माणूस बिचारा पाठ थोपटून घ्यायला पुढे येतो आणि शेपटीचा तडाखा खाऊन परत जातो."

अशी बाई तरुण मुलांना आधार द्यायला निघाली, हीच मुळात गंमत.

झालं असं, की टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर वारज्याच्या फ्लॅटमध्ये शकीलाताईंना दिवस खायला उठायला लागला. मुलगा-सून बंगळुरूला, नासिरभाई पहाटेपासून यार्डात. बोलायचं कुणाशी? भिंतीशी बोलून पाहिलं, भिंत उलट उत्तर देत नाही, त्यात मजा नाही. तेवढ्यात सदाशिव पेठेतल्या 'सांगाती' नावाच्या संस्थेबद्दल कळलं. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या एकेका मुलामागे गावातलं एक मोठं माणूस लावून द्यायचं, त्यांनी दर रविवारी भेटायचं, असं ते काम. शकीलाताईंनी लगेच नाव दिलं.

संस्थेचा तेजस नावाचा एक गोडबोल्या मुलगा सगळ्या मार्गदर्शकांचं प्रशिक्षण घेत होता. "आपण सल्ला द्यायचा नाही. आपण फक्त ऐकायचं. मुलं आपलं उत्तर आपणच शोधतात," तो म्हणाला.

शकीलाताईंनी हात वर केला. "मग आम्ही तिथे काय फुलदाणी म्हणून बसायचं?"

सगळे हसले. तेजसही हसला, पण त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं म्हणे.

त्यांच्या वाट्याला आली नम्रता. वाशीमजवळच्या एका खेड्यातली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, डी.एड. करणारी. पोरगी गुणी, अभ्यासाला वाघ, चार भिंतींत बसवली तर पोपटासारखी बोलणार. पण परीक्षक समोर बसले की तिची जीभ टाळूला चिकटायची. वार्षिक पाठाच्या वेळी हेच झालं. पाठ म्हणजे काय, तर खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांच्या वर्गावर, परीक्षकांसमोर शिकवून दाखवायचं. नम्रता फळ्यासमोर उभी राहिली, "मुलांनो" म्हणाली आणि संपली. पुढचा शब्द आलाच नाही. ती तशीच उभी, मुलं तशीच बसलेली, शेवटी परीक्षकांनीच "बसा" म्हटलं.

आता फेरपाठ होता. वडिलांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "या वेळी पास झालीस तर ठीक, नाही तर गाशा गुंडाळून घरी ये. आणखी एक वर्ष आपल्याला झेपायचं नाही." म्हणजे एका पाठावर सगळं पुणं टांगलेलं. नम्रताला शिक्षिका व्हायचं होतं, आणि ते किती व्हायचं होतं हे सांगतानासुद्धा तिचा आवाज चिरकायचा.

शकीलाताईंचा जीव जडला पोरीवर. अर्थात हे त्यांनी तिला कशाला सांगितलं असतं! ईदला तिला तुळशीबागेतून एक स्कार्फ आणून दिला, पिवळा, निळ्या फुलांचा. देताना म्हणाल्या, "रंग छान आहे, पण धुताना सांभाळ, नाही तर बादलीभर ईद होईल." नम्रता मात्र तो स्कार्फ रोज बांधायची.

आणि मग तो रविवार आला.

रविवारी नम्रता वारज्याला आली होती, पाठाची तालीम करायला. विषय होता वजन, इयत्ता तिसरी. तिने रंगीत तक्ते काढून आणले होते, पाठाचं टाचण काढलं होतं, आणि ते टाचण ती दिवाणखान्यात उभी राहून घडाघडा म्हणत होती. शकीलाताई परीक्षक म्हणून खुर्चीवर बसल्या होत्या, नासिरभाई विद्यार्थी म्हणून सोफ्यावर. विद्यार्थी जांभया देत होता.

"थांब," शकीलाताई म्हणाल्या. "तू शिकवतेयस की रेल्वेची घोषणा करतेयस?"

नम्रताने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडखळली. तिसऱ्यांदा तर "मुलांनो" म्हणून नेमकी तशीच थांबली, हुबेहूब त्या दिवशीसारखी. डोळे मोठे, ओठ पांढरे. शकीलाताईंना पुढचं सगळं दिसलं. ही परत तिथेच जाऊन उभी राहणार, परत कुणीतरी "बसा" म्हणणार आणि मग ही जाणार. आता काही माणसांना भीती वाटली की रडू येतं. शकीलाताईंना भीती वाटली की टोमणा येतो.

"इतकंच जमत असेल तर राहू दे बाई," त्या म्हणाल्या. "स्वारगेट काही लांब नाही. एसटीत बसायचं आणि सरळ घरी जायचं. तिथे कुणी पाठ घ्यायला सांगणार नाही."

नम्रताने तक्ते गुंडाळले, रबर लावलं, "येते ताई" म्हणाली. चहाही न घेता गेली. नासिरभाई चपला घालून तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

"काय म्हणाली?" शकीलाताईंनी विचारलं.

"काय म्हणणार? तू काही म्हणायला ठेवलंस कुठे?" एवढं बोलून नासिरभाई हात धुवायला गेले.

त्यानंतर आठवडाभर नम्रताचा पत्ता नाही. मेसेज पाठवला तर दोन टिकमार्क निळे व्हायचे आणि पुढे सामसूम. शकीलाताई फोन हातात घेऊन घरभर फिरायच्या. नासिरभाईंना म्हणायच्या, "अहो, काही बोला ना!" नासिरभाई शांतपणे भाकरी मोडत म्हणायचे, "येईल गं ती." या माणसाला काळीज आहे की नुसताच कलिंगडाचा गर, असं शकीलाताईंच्या मनात यायचं.

पाठाच्या दिवशी सकाळी मात्र त्यांना राहवेना. ठरवलं, पोरीच्या खोलीवर जायचं, माफी मागायची आणि स्कूटरवर घालून शाळेपर्यंत सोडायचं. माफी कशी मागतात, हे त्या वारज्यापासून सदाशिव पेठेपर्यंत घोकत गेल्या. सवय नव्हती ना!

खोलीचं दार दुसऱ्याच मुलीने उघडलं. तोंडात ब्रश. "नम्रता? ती केव्हाच गेली. मोठी बॅग घेऊन."

"बॅग? कुठे गेली?"

"काय माहीत. काल रात्री फोनवर कुणाला तरी सांगत होती, सकाळी स्वारगेटला येते म्हणून."

स्वारगेट! आपणच सांगितलं, आपणच. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याला शिव्या देता आल्या असत्या, आता द्यायच्या कुणाला? त्यांनी नम्रताला फोन लावला, तो बंद. नासिरभाईंना लावला, तो घरी चार्जिंगला वाजत असणार, कारण या गृहस्थांचा मोबाइल जन्मापासून लँडलाइन आहे. "या अल्लाह," म्हणत त्यांनी स्कूटरला किक मारली. बटण स्टार्टची स्कूटर होती, हे नंतर लक्षात आलं.

सकाळचं स्वारगेट म्हणजे काय सांगावं! रिक्षावाले अंगावर येतायत, साताऱ्याचा कंडक्टर ओरडतोय, मेट्रोतून माणसांचा लोंढा बाहेर पडतोय. शकीलाताईंनी स्कूटर जिथे लावू नये तिथे लावली आणि आत घुसल्या. एकेक फलाट पालथा घालायला लागल्या. आणि गंमत बघा, पुण्यात मुलगी शोधायची म्हणजे चेहरा शोधून उपयोग नाही. इथे धुळीला आणि उन्हाला घाबरून झाडून सगळ्या मुली स्कार्फ असा गुंडाळतात, की आईला आपली लेक चपलांवरून ओळखावी लागते. जिकडे बघावं तिकडे नुसते डोळे.

आणि तेवढ्यात दिसला. पिवळा स्कार्फ, निळी फुलं. बाकाच्या टोकाला बसलेली, मांडीवर भली मोठी बॅग, मान खाली.

शकीलाताईंनी जाऊन सरळ तिचं मनगट धरलं. मुलगी दचकली, उठायला गेली.

"उठू नकोस. बस. आणि मध्ये बोलू नकोस, नाही तर माझं राहून जाईल," शकीलाताई म्हणाल्या. त्या धापा टाकत होत्या. "मी तुला घालवायला नाही बोलले गं. मला भीती वाटली म्हणून बोलले. तुला तिथे तसं उभं बघितलं आणि माझ्याच छातीत धडधडलं. माझी जीभ अशीच आहे, मेली. मी ट्रंक एक्स्चेंजला लागले ना, तेव्हा पहिल्या दिवशी कानाला हेडफोन लावला आणि तोंडातून शब्द फुटेना. आमच्या इंदुबाई होत्या, त्या सगळ्यांदेखत ओरडल्या, तोंडात मूग धरलेत का म्हणून. मी रडले, पण बोलायला लागले. मला वाटलं, असंच शिकवतात. मला तेवढंच येतं. पण तू काही मी नाहीस. तू फार चांगली मुलगी आहेस. मुलं तुझ्याकडे आपणहोऊन येतात, आमच्या सोसायटीतली ती किरकिरी पोरगी तुझ्या मांडीवर झोपते, ती आईकडेसुद्धा झोपत नाही! तू गेलीस तर माझे रविवार परत भिंतीशी बोलण्यात जातील. तू जायला नकोस. चल. पाठ बिघडला तर बिघडला. मी बाहेर उभी राहते. ऊठ, चल माझ्याबरोबर."

स्कार्फमधले डोळे पाण्याने भरले होते. आजूबाजूची दोन-चार माणसंही गप्प होऊन ऐकत होती. एक आजोबा तर शेंगा सोलायचे थांबले होते. मग त्या मुलीने हळूच कानातून इअरफोन काढला, स्कार्फ सोडला, आणि आतून निघाली भलतीच! गोल चेहरा, नाकात चमकी, शकीलाताईंनी जन्मात न पाहिलेली.

"काकू, मी साताऱ्याला चाललेय," ती म्हणाली. "मामेबहिणीची हळद आहे."

शकीलाताईंनी तिचं मनगट सोडलं. धरणी दुभंगावी वगैरे जे म्हणतात, ते स्वारगेटला होत नाही. तिथे आधीच खड्डे आहेत. "अगं, मग मघाशीच सांगायचं नाही का?"

"तुम्हीच म्हणालात मध्ये बोलू नकोस. आणि तुम्ही इतकं छान बोलत होतात, की मलाच वाटायला लागलं मी कुठूनतरी पळून चाललेय." तिने डोळे पुसले. "हा स्कार्फ तुळशीबागेतला आहे काकू. अर्ध्या पुण्याकडे आहे."

शकीलाताई बाकावर बसल्या. सगळं सांगून टाकलं, नम्रता, फेरपाठ, वाशीम, बॅग. त्या अनोळखी मुलीने नीट ऐकून घेतलं. सल्ला वगैरे दिला नाही. फक्त शेवटी विचारलं, "तुम्ही त्या शाळेत जाऊन बघितलं का?"

"शाळेत कशाला? ती तर..." आणि शकीलाताई थांबल्या. फोन बंद. अहो, परीक्षेला बसणाऱ्या माणसाचा फोन बंदच असतो! ही साधी गोष्ट एका हळदीला निघालेल्या मुलीला कळते आणि आपल्याला कळत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही स्वारगेटचा.

"काकू, सापडली की मला कळवा हं," मुलीने त्यांचा नंबर घेतला. "नाही तर हळदीत माझं लक्ष लागायचं नाही."

शाळा सहकारनगरच्या बाजूला होती, स्वारगेटवरून फार लांब नाही. पण मधले सगळे सिग्नल लाल लागले, आणि प्रत्येक लाल सिग्नलला शकीलाताईंची आशा थोडी थोडी खाली बसत गेली. मोठी बॅग घेऊन कोण जातं परीक्षेला? शाळेत नसली तर? मग कुणाला तोंड दाखवणार, तेजसला की त्या वाशीमच्या वडिलांना?

शिपायाने तिसरीचा वर्ग दाखवला. लांबलचक व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या टोकाला, मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन कोण बसलं असावं? साक्षात नासिरभाई. शेजारी चिकूची रिकामी पाटी.

"तुम्ही?" शकीलाताई जवळजवळ किंचाळल्या.

नासिरभाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकीकडे मान केली.

शकीलाताईंनी आत पाहिलं, आणि त्यांचा जीव असा काही भांड्यात पडला, की त्याचा आवाज वर्गात कसा गेला नाही कोण जाणे. नम्रता होती. तिथेच होती. फळ्यासमोर टेबलावर पिवळा स्कार्फ अंथरलेला, त्यावर चिकूंचा ढीग, आणि बाजूला नासिरभाईंची जुनी तागडी, पारडी साखळ्यांना टांगलेली ती, गाळ्यात इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून पोत्यामागे पडून असलेली. किलो, अर्धा किलो, पाव किलो अशी लोखंडी वजनं ओळीने मांडली होती. मोठी बॅग म्हणजे ही होती तर!

"त्या रविवारीच ठरलं आमचं," नासिरभाई कुजबुजले. "तिला म्हटलं, तक्ते सोड, पोरांच्या हातात वजन दे. दुसऱ्या दिवशी तागडी तिच्या खोलीवर नेऊन दिली, सरावाला. आज सकाळी स्वारगेटला उतरली, तिथून तिला टेम्पोत घेतली."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"ती म्हणाली, ताईंना सांगू नका. पास झाले तर मीच सांगेन. मी कबूल केलं." नासिरभाईंनी खांदे उडवले. "कबूल म्हणजे कबूल."

म्हणजे आठवडाभर हा माणूस भाकरी मोडत मोडत सगळं पोटात ठेवून बसला होता! शकीलाताई त्यांना काहीतरी सणसणीत ऐकवणार होत्या, पण तेवढ्यात आतला आवाज थांबला.

नम्रता थांबली होती. वाक्याच्या मध्येच. मागच्या बाकावर चष्म्यातल्या परीक्षक बाई बसल्या होत्या, त्यांनी नेमकं त्याच क्षणी कागदावर काहीतरी लिहिलं होतं आणि नम्रताने ते पाहिलं होतं. डोळे मोठे झाले. ओठ पांढरे. तेच, अगदी तेच.

"बोल," शकीलाताईंचे ओठ हलले. त्या खिडकीच्या गजाला धरून पुढे झुकल्या. एक शब्द सुचवला तर? एकच? नासिरभाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. आणि तेजसच्या त्या प्रशिक्षणात जे शिकता आलं नव्हतं, ते शकीलाताईंनी त्या खिडकीशी केलं. गप्प बसल्या. ओढणीचं टोक दातात धरलं आणि गप्प बसल्या. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

वर्गात चुळबुळ सुरू झाली. तागडीपाशी एका मुलाला चिकू तोलायला उभं केलं होतं, दिग्विजय नाव त्याचं. टीचर गप्प झाल्यात हे बघून त्याने हळूच चिकूच्या पारड्यावर बोट ठेवलं आणि ते खाली दाबलं. पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली, "टीचर, हा चीटिंग करतोय!"

नम्रताने वळून पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "काय दिग्विजयशेठ! चिकू तोलताय की बोट? बोटपण विकायला काढलंय वाटतं? छान आहे, पण गिऱ्हाईक मिळायचं नाही हो!"

सगळा वर्ग खदखदून हसला. तो आवाज शकीलाताईंच्या ओळखीचा होता. ती मान, तो हेल, तो "पण", सगळं त्यांच्याच दिवाणखान्यातलं होतं. फक्त त्यात डंख नव्हता. दिग्विजयशेठसुद्धा हसत होते.

"आता मला सांगा," नम्रता म्हणाली आणि तिचा आवाज आता चिरकत नव्हता, "शेठजींनी बोट ठेवलं, तर आपल्याला चिकू जास्त मिळतील की कमी?"

झालं! अर्धा वर्ग "जास्त", अर्धा वर्ग "कमी". हमरीतुमरी. "भांडू नका, करून बघा," म्हणत तिने एकेकाला पुढे बोलावलं. कुणी बोट ठेवलं, कुणी काढलं, कुणी पाव किलोचं वजन हातात घेऊन "बापरे!" म्हणालं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की बोट ठेवलं की चिकू कमी आणि शेठजी लबाड. परीक्षक बाई लिहायचं विसरून पुढे झुकून बघत होत्या. घंटा झाली तरी पोरं तागडी सोडेनात.

बाई बाहेर आल्या तेव्हा व्हरांड्यात शकीलाताई आणि नासिरभाई भिंतीला चिकटून उभे. बाई दारातच नम्रताला म्हणाल्या, "बोटाचा तो प्रश्न तुमच्या टाचणात नाही."

"नाही मॅडम," नम्रताचा आवाज एकदम खाली गेला. "ते तिथेच सुचलं."

"निकाल मला आत्ता सांगता येत नाही. नियम आहे." बाईंनी चष्मा काढून पुसला. "पण शाळेत लागलात ना, की हा पाठ दर वर्षी असाच घ्या. बोटासकट."

बाई गेल्या. नम्रता दाराला टेकून उभी राहिली आणि तेव्हा तिला शकीलाताई दिसल्या.

शकीलाताईंना खूप बोलायचं होतं. पण काय झालं होतं, की ते सगळं स्वारगेटवर एका साताऱ्याच्या मुलीला सांगून संपलं होतं. आता उरलं होतं तेवढंच बाहेर आलं. "त्या दिवशी मी बोलले, ते चुकलं माझं. माफ कर."

"नाही ताई, असं काय..."

"नाही काय? चुकलं म्हणजे चुकलं. मला वाटलं, तू खरंच गेलीस. सगळं स्वारगेट पालथं घातलं तुझ्यासाठी. एका परक्या पोरीला धरून रडवलं."

"स्वारगेटला? मला शोधायला?" नम्रता त्यांच्याकडे बघतच राहिली. "ताई, वाशीमची गाडी वाकडेवाडीहून सुटते."

नासिरभाईंनी चटकन तोंड फिरवलं.

"त्या रविवारी मी खूप रडले," नम्रता म्हणाली. "बॅगपण भरली होती, खरंच. चाचा स्टॉपवर तागडीचं म्हणाले, पण मी ठरवूनच टाकलं होतं जायचं. मग रात्री विचार केला, ज्या बाईला आमची गाडी कुठून सुटते तेच माहीत नाही, तिच्या सांगण्यावरून काय घरी जायचं!"

नासिरभाईंचे खांदे गदागदा हलायला लागले. शकीलाताईंनी आधी रागाने त्यांच्याकडे पाहिलं, मग नम्रताकडे, आणि मग त्यांनाही आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं होतं की कशाचं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. व्हरांड्यातून जाणारी तिसरीची पोरं थांबून बघत होती.

फोन वाजला. साताऱ्याच्या गाडीतून मेसेज होता, 'काकू, सापडली का?' शकीलाताईंनी लिहिलं, 'सापडली. हळद लाव निवांत.'

मग त्यांनी डोळे पुसले, ओढणी नीट केली आणि नम्रताच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाठ फार छान झाला," त्या म्हणाल्या.

नम्रता तशीच उभी राहिली. आठवड्यातून एकदा शेपटीचा तडाखा बसायची सवय होती, त्यामुळे तिने अंग किंचित आखडून घेतलं होतं. नासिरभाईही वजनं बॅगेत भरायचे थांबले.

"पण?" शेवटी नम्रतानेच विचारलं.

"पण काही नाही," शकीलाताई म्हणाल्या. "चल, चिकू खा."